जूनमध्ये अल्गॉन्क्विनला मुलांसह कनू-सहल : ब्लॅक फ्लाय आणि डास यांच्यापासून बचाव कसा करावा?

मिसिसागाची_अनघा

नमस्कार. येत्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही ऑन्टारिओमधील अल्गॉन्क्विन पार्कमध्ये चार दिवसांची कनू-सहल आखली आहे. आम्ही दोघे, 9 वर्षांचा मुलगा, 4 वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेले माझे 68 वर्षांचे सासरे असे पाच जण दोन कनूंमधून (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्यांमधून) जाणार आहोत. कनू लेकवरून निघायचे, छोटे पोर्टेज करून जो लेकवर जायचे आणि पुढे रोज एक-दोन पोर्टेज करत मुक्काम बदलायचा, असा सध्याचा बेत आहे. (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : एका तलावातून दुसऱ्या तलावात जाताना कनू आणि सामान खांद्यावर घेऊन जंगलातून जी वाट तुडवावी लागते, तिला पोर्टेज म्हणतात.)

माझी काळजी कीटकांची आहे, मुख्यतः डास आणि ब्लॅक फ्लाय नावाच्या रक्त पिणाऱ्या बारीक माश्यांची. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही हायवे 60 लगतच्या एका पायवाटेवर अवघे दोन तास चाललो. परत गाडीपाशी आलो तेव्हा मुलाच्या कानांमागून आणि केसांच्या कडेने रक्ताचे बारीक ओघळ आले होते, आणि चावताना त्याला काहीही जाणवले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, मानेत गाठी आल्या होत्या आणि अंगात कणकण होती. तेव्हापासून जंगलाचे नाव काढले की तो गप्प होतो. तलावावरची पहाट आणि लून पक्ष्याची साद त्याच्या वाट्याला यावी असे मला मनापासून वाटते, पण त्यासाठी त्याला पुन्हा तसेच सोसायला लावण्याची माझी तयारी नाही.

सासरे 10 जुलैला परत जाणार असल्यामुळे सहल ऑगस्टमध्ये ढकलता येत नाही. त्यांनी सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पायी पाहिले आहेत. डास आणि जळवा आपल्याला नव्या नाहीत असे ते म्हणतात आणि येताना त्यांनी ओडोमॉसच्या ट्यूब व डासांच्या उदबत्त्याही आणल्या आहेत. त्यांचा उपयोग होईल का? मुलांना डीट, म्हणजे इथल्या बहुतेक कीटकरोधकांतले रसायन, लावणे कितपत सुरक्षित आहे? जाळीची जॅकेटे खरोखर लागतात का? आणि आमच्या मार्गात काही बदल करावा का?

वल्हेकर

अनघाताई, तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न मी सर्वांत आधी घेतो, कारण माझ्या मते बाकी सगळ्यांची उत्तरे त्यातूनच निघतात. गेली 19 वर्षे मी ऑन्टारिओच्या तलावांवर वल्हे मारतो आहे आणि पहिली चार-पाच वर्षे कोणती बाटली अधिक जालीम, याच शोधात घालवली. बाटलीपेक्षा जागा आणि वेळ यांची निवड अधिक कामाची आहे, हे मला बरेच उशिरा समजले.

ब्लॅक फ्लाय आणि डास यांची जन्मस्थाने वेगळी आहेत. डास साचलेल्या पाण्यात वाढतो. बर्फ वितळल्यावर जंगलात जी डबकी उरतात, त्यांतून तो बाहेर पडतो. ब्लॅक फ्लायला मात्र वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तिच्या अळ्या ओढ्यातल्या दगडांना स्वतःच्या रेशमी धाग्याने चिकटून राहतात, वाहत्या पाण्यातले अन्नकण गाळून खातात, आणि मे महिन्याच्या मध्यापासून माश्या बाहेर येऊ लागतात. आता पोर्टेज कोठे असते याचा विचार करा. जेथे दोन तलावांमधला ओढा खडकांवरून उड्या घेतो आणि कनू पाण्यातून नेता येत नाही, नेमके तेथेच ते असते. म्हणजे ब्लॅक फ्लायच्या जन्मस्थानाला लागून, वारा न पोचणाऱ्या झाडीतून, दोन्ही हातांनी डोक्यावरची कनू सावरत तुम्ही चालता, आणि त्या वेळी कपाळावरची माशी हाकलायलाही हात मोकळा नसतो. कनू लेक ते जो लेक हे पोर्टेज 295 मीटरचेच आहे आणि वाटही रुंद आहे, त्यामुळे ते एकदा सहज निभावेल. परंतु पलीकडच्या अरुंद ओढ्यांमधून रोज मुक्काम हलवायचा, तोही 4 वर्षांच्या मुलीसह आणि जूनमध्ये, हा बेत मी बदलला असता.

माझी सूचना अशी की पोर्टेज पूर्णपणे टाळावे आणि एकाच मोठ्या तलावावर चारही दिवस एकच तळ ठेवावा. मुक्कामाची जागा निवडताना बेट किंवा पाण्यात घुसलेले खडकाळ टोक शोधावे, जेथे पश्चिमेकडचा वारा अडथळ्याविना येतो. ब्लॅक फ्लाय फारशी ताकदवान उडणारी नाही. झाडाची पाने सतत हलती ठेवणारा वारा असला की ती झाडीत दडून बसते. शेवटच्या टोकाचा शांत, वाऱ्यापासून आडोसा असलेला, गवताळ खाजणासारखा कोपरा नकाशावर फार रम्य दिसतो, पण जूनमध्ये तो टाळावा. ओढ्याच्या मुखापासूनही दूर राहावे. मात्र जो वारा किनाऱ्यावर हवाहवासा वाटतो, तोच दुपारी तलावाच्या मध्यावर लाटा उठवतो. म्हणून वल्हवण्याचे काम सकाळी उरकावे, मुलांच्या अंगातली लाइफ जॅकेटे काढू नयेत आणि दुपारी वाऱ्याच्या टोकावर बसून राहावे.

वेळेबद्दल सांगायचे तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ब्लॅक फ्लायचा जोर सहसा ओसरू लागलेला असतो, परंतु डास भरात असतात. गोमाशीच्या जातीच्या डीअर फ्लाय आणि हॉर्स फ्लाय मुख्यतः जुलैच्या, त्यामुळे त्या तुम्हाला थोड्याच भेटतील. ब्लॅक फ्लाय दिवसाउजेडी चावते. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासांत तिचा उपद्रव अधिक असतो, पावसाआधीच्या दमट आणि निवांत हवेत तर फारच. अंधार पडला की ती थांबते आणि तिची जागा डास घेतात. तंबूत चुकून शिरलेली ब्लॅक फ्लाय चावण्याऐवजी बाहेर पडण्यासाठी कापडावरून वर चढत राहते, ही गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवा. तंबू ही खात्रीची जागा आहे हे कळले की लहान मुलांचा अर्धा धीर परत येतो.

आता कपडे. ब्लॅक फ्लायच्या बाबतीत औषधापेक्षा कापड अधिक भरवशाचे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती उडत येऊन चावण्यापेक्षा अंगावर उतरून चालत जाते आणि कापडाची कड शोधते. म्हणून चावे कॉलरखाली, पट्ट्याच्या रेषेवर, मोज्यांच्या वर, कानामागे आणि केसांच्या मुळाशी सापडतात. विजार मोज्यांत खोचावी, सदरा विजारीत खोचावा, बाह्यांना इलॅस्टिक असावे. रंग फिका घ्यावा. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे या माश्या अधिक ओढल्या जातात. गेल्या वर्षी मुलाने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता, हे एकदा छायाचित्रांत पाहा. पाचही जणांना डोक्यावरची टोपडीसारखी जाळी जोडलेले जॅकेट घ्यावे; लहान मापाचीही मिळतात. चेहऱ्यासमोरची जाळी काळी असावी, कारण पांढऱ्या जाळीवर ऊन पडले की पलीकडचे नीट दिसत नाही. जाळीखाली कडा असलेली टोपी घातली तर जाळी नाकाला टेकत नाही. जेथे टेकते तेथून डास आरपार चावतो. आणि एक काम अवश्य करा : निघण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी घरामागच्या अंगणात मुलांना ही जॅकेटे घालून खेळू द्या. जंगलात पहिल्यांदाच जाळी चढवली तर 4 वर्षांचे मूल ती पाच मिनिटांत ओढून काढते.

रानवाटा

वल्हेकर यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण जॅकेटाबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. 28 अंश तापमानात वल्हवताना जाळीच्या आत घामाने जीव नकोसा होतो. मी 30 टक्के डीट लावतो, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालतो आणि जॅकेट केवळ पोर्टेजसाठी ठेवतो. किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर बहुतेक माश्या मागे राहतात, तेव्हा मुलांनाही कनूत सतत जाळीत ठेवण्याची गरज पडणार नाही. जाळी चढवायची ती किनाऱ्याला लागण्यापूर्वी, पाण्यात असतानाच. उतरल्यावर पिशवीत शोधाशोध करू नये.

डीटविषयी आणखी एक सावधगिरी सांगतो. ते प्लास्टिक विरघळवते. माझ्या घड्याळाची काच आणि चष्म्याची दांडी त्याने कायमची पांढुरकी झाली. रेयॉन आणि ताणले जाणारे स्पँडेक्स यांनाही ते खराब करते. सुती, लोकरी आणि नायलॉन कापडाला काही होत नाही. हाताला लागलेले डीट पुसल्याखेरीज लाइफ जॅकेटाचे बंद, कॅमेरा किंवा मुलांचे चष्मे हाताळू नयेत. इकारिडिन हे दुसरे कीटकरोधक द्रव्य असलेल्या औषधांना हा दोष नाही आणि वासही जवळजवळ नसतो, त्यामुळे मी स्वतः हळूहळू तिकडे वळतो आहे.

चांदणवेल

मी कॅल्गरीत फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. अनघा, तुमच्या मुलाला जे झाले त्यात घाबरण्यासारखे नव्हते, पण ते क्षुल्लकही नव्हते. ब्लॅक फ्लाय त्वचा कापून रक्त पिते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात, म्हणून ओघळ येतात, आणि चावताना वेदना जाणवत नसल्यामुळे मूल तक्रारही करत नाही. एकाच वेळी पुष्कळ चावे बसले तर ताप, डोकेदुखी, मळमळ आणि मानेतल्या गाठींना सूज असे सर्व एकत्र दिसू शकते; येथे त्याला बोलीत ब्लॅक फ्लाय फीव्हर म्हणतात. आफ्रिकेत या माश्यांच्या काही जातींमुळे नदीकाठचे अंधत्व पसरते, तसा कोणताही रोग उत्तर अमेरिकेतल्या ब्लॅक फ्लाय माणसाला देत नाहीत. डोळ्याभोवतीची त्वचा सैल असल्यामुळे तेथील सूज फार भीतिदायक दिसते, परंतु थंड पाण्याच्या घड्यांनी ती एक-दोन दिवसांत उतरते.

मुलांना काय लावावे याबद्दल हेल्थ कॅनडाचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. 2 ते 12 वर्षे वयाच्या मुलांसाठी डीटचे प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत असावे आणि ते दिवसातून तीनपेक्षा अधिक वेळा लावू नये. 10 टक्क्यांचा परिणाम साधारण 3 तास टिकतो. मोठ्यांसाठी कमाल 30 टक्के, ज्याचा परिणाम सुमारे 6 तास राहतो. 20 टक्के इकारिडिन 6 महिन्यांवरील सर्वांना चालते, आणि तुमच्या दोन्ही मुलांसाठी मी तेच निवडीन. औषध मोठ्यांनी आपल्या तळहातावर घेऊन मुलांच्या उघड्या त्वचेवर पातळ लावावे. मुलांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ आणि ओठांजवळ लावू नये, कारण हात तोंडात जातात. कपड्यांच्या आत लावू नये. सनस्क्रीन आधी लावावे, 20 मिनिटे थांबावे आणि मग कीटकरोधक लावावे. दोन्ही एकत्र असलेले मलम घेऊ नये. रात्री तंबूत शिरण्यापूर्वी त्वचा साबणाने धुऊन काढावी, अर्थात तलावात नव्हे तर काठापासून दूर पाणी नेऊन.

ओडोमॉसमधले मुख्य द्रव्य डीट नव्हे. ते एन-एन डायइथाइल बेंझामाइड आहे. साताऱ्याच्या ओसरीवर ते उपयोगी पडते, म्हणून येथेही पुरेल असे मी गृहीत धरणार नाही, आणि मुलांसाठी तर जे येथे तपासून नोंदवलेले आहे तेच वापरीन. कॅनडात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकरोधकावर पीसीपी (पेस्ट कंट्रोल प्रॉडक्ट्स) नोंदणी क्रमांक छापलेला असतो. खरेदी करताना तो पाहावा. डासांची उदबत्ती तंबूच्या आत कधीही, कोणत्याही कारणाने पेटवू नये. कापड जळण्याचा धोका आहेच, शिवाय बंद जागेतला धूर श्वसनाला घातक असतो. मनगटावरचे सुगंधी पट्टे आणि आवाजाने डास पळवणारी उपकरणे यांवर पैसे घालवू नका. पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची प्रक्रिया केलेले कपडे कॅनडात मिळतात, पण ते 16 वर्षे आणि त्यावरील व्यक्तींसाठी आहेत. म्हणजे तुम्ही तिघे मोठे ते घालू शकता, मुले नाहीत.

मुलाची प्रतिक्रिया तीव्र होती, म्हणून सहलीपूर्वी तुमच्या डॉक्टरांशी सिट्रिझिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाबद्दल बोलून घ्या. हे औषध आधीपासून घेतल्यास डासांच्या चाव्याची सूज आणि खाज कमी होते, असे फिनलंडमधील अभ्यासांत दिसले आहे; मात्र मुलाची मात्रा त्याच्या वजनावरून डॉक्टरांनीच ठरवावी. सोबत 1 टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलम ठेवा, मुलांची नखे कापून न्या. चाव्याभोवतीची लाली दोन दिवसांनंतरही पसरत राहिली, पू झाला किंवा पुन्हा ताप चढला तर खाजवण्यातून जंतुसंसर्ग झाला असे समजून परत फिरावे. सासऱ्यांना मधुमेह असेल तर त्यांच्या पायांकडे विशेष लक्ष द्यावे. शेवटची गोष्ट गोचिडीची : लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड ऑन्टारिओत पसरते आहे, म्हणून रोज रात्री गुडघ्यांमागे, काखांत आणि केसांत पाहावे. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. तेल, तूप किंवा चटका यांचा प्रयोग करू नये.

उत्तरायण

मी स्वीडनमध्ये राहतो. उन्हाळ्यात आम्ही अबिस्कोच्या बाजूला पायी भटकतो आणि तेथील जुलै महिना डासांच्या दृष्टीने कोणाला हार जाणारा नाही. फिनलंडच्या उत्तरेत तर या दिवसांना, म्हणजे डास, ब्लॅक फ्लाय आणि त्यांहून बारीक चिलटे एकत्र उठतात त्या काळाला, रॅक्का असे स्वतंत्र नावच आहे. तेथे मी जे शिकलो ते जनावरांकडून. रेनडिअर या दिवसांत खालचे बर्चचे जंगल सोडून उघड्या, वाऱ्याच्या डोंगरमाथ्यावर चढतात आणि उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर दाटीने उभे राहतात. तेव्हापासून आम्ही कितीही भूक लागली तरी जेवणासाठी झाडीत थांबत नाही. वाऱ्याची कड गाठूनच शिदोरी सोडतो. अल्गॉन्क्विनमध्ये तुम्हाला मूस (एक प्रचंड हरीण) गळ्यापर्यंत पाण्यात उभा दिसेल. तो पाणवनस्पती खायला आलेला असतो, पण त्या वेळी त्याला माश्यांपासूनही थोडी सुटका मिळते. मुलाला हे दाखवा. आपल्याप्रमाणेच त्या प्रचंड प्राण्यालाही हा त्रास होतो आणि त्यानेही त्यावर उपाय शोधला आहे, हे पाहून त्याच्या मनातली भीती थोडी हलेल असे मला वाटते.

मिसिसागाची_अनघा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरी बसून बेत बदलला. कनू लेकवरच राहणार, पोर्टेज एकही नाही. छायाचित्रे पाहिली, मुलाचा सदरा गडद निळाच होता. सासऱ्यांनाही ओढ्याची आणि पोर्टेजची संगती पटली. त्यांनी उदबत्त्या घरीच ठेवायचे कबूल केले, पण गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात तशी धुरी शेकोटीत करून पाहायची त्यांची इच्छा आहे. ती चालेल का? आणखी दोन अडचणी आहेत, ज्या विचारायला थोडा संकोच वाटतो. जाळी घालून मुलांनी जेवायचे कसे? आणि शौचाला गेल्यावर काय करायचे?

वल्हेकर

संकोच करू नका, सहलीत सर्वाधिक चावे याच दोन वेळी बसतात.

धुराने फरक पडतो, पण तुम्ही धुरात बसलेले असाल तोवरच, आणि मुलांचे डोळे त्याआधीच झोंबू लागतात. आजोबांना शेकोटीची हौस असेल तर जरूर करावी, फक्त निघण्याच्या दिवशी पार्कमध्ये शेकोटीवर बंदी नाही ना हे पाहावे. धुरीसाठी हिरवा पाला तोडू नये. जमिनीवर पडलेले ओलसर लाकूड पुरेसा धूर देते.

जेवणासाठी जाळीच्या भिंतींची छत्री, म्हणजे बग शेल्टर, घ्यावी. पाच जणांत तिचे वजन काहीच नाही, आणि पोर्टेज नसल्यामुळे ते उचलायचेही नाही. ती नसेल तर जेवणाच्या वेळा बदला. रात्रीचे जेवण पाच वाजता, वाऱ्याच्या खडकावर, एकाच भांड्यात होणारे करा; खिचडी उत्तम. सूर्यास्ताला भांडी घासून झालेली असावीत आणि अन्नाची पिशवी अस्वलांपासून सुरक्षित, झाडावर टांगलेली असावी, म्हणजे डास उठतात त्या वेळी सगळे तंबूत असतील. अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात डबे आणि बाटल्यांतले खाद्यपदार्थ नेण्यास मनाई आहे, पण कीटकरोधक आणि औषधे यांच्या बाटल्यांना सूट आहे, तेव्हा त्याची चिंता नसावी.

शौचाची सोय म्हणजे मुक्कामामागच्या झाडीत झाकणाची एक लाकडी पेटी असते, भिंती नसतात, आणि ती जागा नेमकी निवाऱ्याची, म्हणजे डासांची असते. सकाळी उठल्याबरोबर किंवा तिन्हीसांजेला तेथे जाणे टाळावे. भर दुपारी ऊन आणि वारा असताना त्रास सर्वांत कमी असतो, आणि मुलांना दोन दिवस आधीपासून ती सवय लावता येते. जाताना जॅकेट अंगात असावे, आणि मुलीबरोबर गेलेल्या मोठ्या माणसाने एखादा रुमाल किंवा पंखा सतत हलवत राहावे. एवढा वारा डासांना तिच्यापासून दूर ठेवायला पुरतो. रात्रीसाठी तंबूच्या दाराशी झाकणाचे एक भांडे ठेवावे, म्हणजे मुलांना बाहेर न्यावे लागणार नाही.

कनू लेकवर उन्हाळी घरे आणि मोटरबोटी आहेत, त्यामुळे दक्षिणेकडच्या धक्क्यापासून जितके उत्तरेला जाता येईल तितके जा. पहाटे उजाडताना पाण्यावर धुके असते आणि गारठा असतो. हवा 10 अंशांच्या खाली असेल तर ब्लॅक फ्लाय उडत नाही आणि डासही मंदावलेले असतात. लून बहुधा त्याच वेळी साद घालतो. मुलाला झोपेतून उठवा, दोन सदरे चढवा आणि जाळी गळ्यात नुसती लटकती ठेवून कनूत बसवा.